सहीवरची रेघ

कॉव्हेंट्री, ४ फेब्रुवारी २०२५

श्री. ज्ञानेश्वर बिवलकर यांस,

तुमचा फॉर्म परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

बारा वर्षं मी जर्मनीकडून फुटबॉल खेळले. तेवढ्या काळात किती सह्या केल्या याला गणती नाही. टी-शर्टवर, बुटांवर, एका बाईच्या पायाच्या प्लास्टरवर, एकदा तर केकच्या खोक्यावर. मागणाऱ्या कुणालाही मी नाही म्हटलं नाही. तुम्हाला म्हणते आहे.

पूर्वी नावाच्या मुलीचा फोन आला होता. तुमच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहणारी नागपूरची मुलगी, तीच. आधी मला वाटलं, मी फुटबॉल शिकवते त्या क्लबात कुणाला तरी मुलीचं नाव घालायचंय. तर म्हणाली, "ताई, मी काकांसाठी कॉल करतेय. मेमरी क्लिनिकचा रिपोर्ट आलाय. डिमेन्शियाची अर्ली स्टेज आहे, पण डॉक्टर म्हणाले, पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे त्यांच्या वतीने कोण डिसाइड करणार त्याचा फॉर्म, आत्ताच करून घ्या. नंतर त्यांना समजेनासं झालं तर फॉर्म व्हॅलिड धरणार नाहीत."

मी विचारलं, मग काय होईल?

"मग त्यांनी कुठे राहायचं, ट्रीटमेंट कुठली घ्यायची, सगळं कौन्सिल नाहीतर कोर्ट डिसाइड करणार. काका म्हणतात, माझी मुलगी करेल सही."

मुलगी करेल सही! केवढा तो विश्वास. या मुलीलाही पंधराव्या वर्षी एक सही हवी होती. आठवतं का? आठवत नसेल तर आजाराची सबब सांगू नका, तुम्ही ते फार आधी विसरलात. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय शिबिरात माझी निवड झाली होती. माझा जन्म मानहाइमचा असला तरी पासपोर्ट भारताचा होता. जर्मन नागरिकत्व घेतल्याशिवाय त्या शर्टाला हात लावता येणार नव्हता आणि त्या अर्जावर आईबाप दोघांच्या सह्या लागत होत्या. आईने केली. तुम्ही अर्जाची चार पदरी घडी घातलीत, जेवणाच्या टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवलीत आणि म्हणालात, "देशाचा पासपोर्ट देऊन चेंडू घ्यायचा का?" मग भाताला तूप मागितलंत.

नवा अर्ज आणून आईनेच तुमची सही ठोकली, हे तुम्हाला कळलं. दहा महिन्यांच्या आत लीड्सची नोकरी धरून तुम्ही निघून गेलात. आम्ही दोघी मानहाइमलाच राहिलो. आता पंचवीस वर्षांनी तुम्हाला मुलगी आठवली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आणखी एक. फॉर्मवरची तुमची सही पाहिली. एकेकाळी तुम्ही आधी पट्टीने मारल्यासारखी लांब रेघ ओढायचात आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायचात. ड्रॉइंग ऑफिसातली सवय. जर्मन बँकेतसुद्धा सही देवनागरीतच. काउंटरवरची बाई मान वाकडी करून बघायची आणि लहानपणी मला त्या रेघेचा केवढा अभिमान वाटायचा. आता ती रेघ तीन ठिकाणी तुटली आहे. वय झालं तुमचं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

तनया बिवलकर

कॉव्हेंट्री, २३ फेब्रुवारी

श्री. बिवलकर,

तुम्ही फॉर्म पुन्हा पाठवलात. सोबत चार बोटं जाड फाइल, 'सर्व महत्त्वाचे कागद, तारखेप्रमाणे'. आणि वर चिठ्ठी: "तुझं करिअर तर चांगलं झालं ना? मग राग कशाचा?"

फाइल मी उघडलेली नाही. ती सरावाच्या प्लास्टिक कोनांखाली पडली आहे. चिठ्ठीला मात्र उत्तर देते. तुमच्यावर शब्द खर्च करायचे नव्हते, पण आईने मला दर रविवारी एक पान मराठी लिहायला लावलं होतं. तिची ती मेहनत कुठेतरी कामी यायला हवी.

तर माझं करिअर. तुम्ही एकही सामना पाहिला नाहीत म्हणून पहिल्यापासून सांगते. मी मधल्या फळीत खेळायचे, बचावाच्या अगदी पुढे, सहा नंबरचा शर्ट. या जागेवरच्या माणसाने चेंडू हिसकावायचा आणि लगेच दुसऱ्याला द्यायचा. गोल करणारीचा फोटो येतो, अडवणारीचाही येतो. आमचा येतो तो दोघींच्या मधे, पाठमोरा. सत्त्याऐंशी आंतरराष्ट्रीय सामने, चार गोल. त्यातला एक माझ्या ढुंगणाला लागून गेला, तोही धरला आहे.

पहिला सामना विसाव्या वर्षी. स्टेडियममध्ये आई थर्मासमधून चहा घेऊन बसली होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला पोहे खायला घालत होती. टीव्हीवरच्या माणसाला आपलं आडनाव शेवटपर्यंत जमलं नाही. चोविसाव्या वर्षी डावा गुडघा गेला. नऊ महिने आईने मला आंघोळीला उचलून नेलं. परत उभी राहिले, परत खेळले. हे सगळं चांगलंच झालं, नाही कोण म्हणतं?

आता जे तुम्हाला माहीत नाही ते ऐका. सरकारी पाकीट दारात पडलं की आई ते आधी गणपतीपुढे ठेवायची, मग हात पुसून उघडायची. पाण्याचं बिल असलं तरी. कुणीतरी जुना अर्ज काढेल, तुमच्या खऱ्या सहीशी ताडून बघेल, याचीच धास्ती. माझं नागरिकत्व खोट्या कागदावर उभं होतं. ते रद्द झालं की माझे सामने रद्द, संघाचे निकाल वादात, आणि आई कोर्टात. अकरा वर्षं आम्ही दोघींनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आई गेल्यावर पुढे मी एकटीने.

म्हणून मी कधी मोठी मुलाखत दिली नाही. घरचं विचारलं की गुडघ्याबद्दल बोलायचे. युरोपच्या एका स्पर्धेची सेमीफायनल पेनल्टीवर गेली. कोचने सगळ्यांकडे बघत विचारलं, पाचवी कोण घेणार? तिची नजर माझ्यावर थांबली. सरावात माझी एकही पेनल्टी हुकत नसे. पण निर्णायक पेनल्टी मारणारीचं दुसऱ्या दिवशी पेपरात घरदार छापून येतं. वडील कुठे असतात, काय करतात, सगळं. मी बुटाच्या नाड्यांकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांची मारीके गेली आणि तिने चेंडू खांबावर मारला. ती तिथेच गवतावर बसून रडली. मी जाऊन तिला जवळ घेतलं. सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाची मुलगी आहे!

दुसऱ्या वर्षी मला कॅप्टन करत होते. मी नको म्हटलं. पेपरने लिहिलं, विनय शिकावा तर हिच्याकडून. विनय कसला डोंबलाचा, भीती होती.

आई २०११ साली गेली. तुम्ही आलात, अंगातला कोट न काढता मागे उभे राहिलात आणि चारच्या गाडीने परत गेलात. दोन वर्षांनी मी इंग्लंडमध्ये खेळायला आले. मिडलँड्समधला क्लब, लीड्सहून दोन तास. चार वर्षं खेळले. शेवटच्या सामन्याला सहाशे लोक होते. मी स्टँडकडे पाहिलं. का पाहिलं याचा मला अजून राग येतो.

तेव्हा राग कशाचा हे आता विचारू नका. सही मिळणार नाही.

तनया

कॉव्हेंट्री, १६ मार्च

बाबा,

आज मायना काय लिहावा ते सुचत नाही. आणि म्हणून राग गेला असं समजू नका, तो वाढला आहे.

मंगळवारी दुपारी पूर्वीचा फोन आला. "ताई, काका ब्रेड आणायला गेले ते आलेच नाहीत. दोन तासांनी बस स्टॉपवर सापडले. ड्रायव्हरला जर्मनमध्ये पत्ता सांगत होते. आता हॉस्पिटलमध्ये आहोत, ओके आहेत, पण इथे मेडिकल हिस्टरी विचारतायत. त्या फाइलमध्ये असेल ना?" म्हणून फाइल उघडावी लागली. नाहीतर ती कोनांखालीच राहिली असती.

औषधांची यादी सापडली, पूर्वीला वाचून दाखवली. तेवढ्यावर फाइल मिटायला हवी होती. पण तारखेप्रमाणे लावलेली फाइल, १९९९चा सप्टेंबर समोर आला. जर्मनमधली दोन पानं. पूर्वीला त्यातलं अक्षर कळलं नसतं. मला कळलं.

मानहाइमच्या नागरिकत्वाच्या कचेरीने तुम्हाला बोलावलं होतं. मुलीच्या अर्जावरची सही तुमच्या कामाच्या परवान्यावरच्या सहीशी जुळत नाही म्हणून. म्हणजे त्यांनी पकडलं होतं. ज्या दिवसाला आई मरेपर्यंत भीत होती, तो दिवस केव्हाच येऊन गेला होता!

आणि खाली तुमचा जबाब. "अर्जावरची सही माझीच आहे. ट्राममध्ये गुडघ्यावर कागद ठेवून केली, म्हणून वेगळी दिसते." तिथल्या माणसाचा विश्वास बसला नसावा. त्याने तुम्हाला समोर बसवून पाच सह्या करायला लावल्या. त्या पाचही दुसऱ्या पानावर आहेत.

पाचही सह्यांवरची रेघ तीन ठिकाणी तुटली आहे. आई अशीच लिहायची, दोन अक्षरं झाली की वर एक तुकडा, पुढची दोन झाली की दुसरा. मी तिच्या हातची हजार पानं वाचली आहेत, मला ओळखायला चष्मा लागत नाही. आईने तुमच्या सहीची खोटी नक्कल केली, आणि तुम्ही त्या कचेरीत बसून टेबलापलीकडे उलट्या पडलेल्या अर्जावर नजर ठेवून तिच्या नक्कलेची नक्कल केलीत. पाच वेळा. एकदाही रेघ सरळ येऊ दिली नाहीत.

खाली त्या माणसाचा शेरा आहे: यापुढे हीच सही नोंदीत धरावी.

मग मी पुढचे कागद चाळले. लीड्सच्या नोकरीचा करार, घराचे कागद, तुमच्या भारतीय पासपोर्टच्या झेरॉक्स, एक दोन हजार तीनचा, एक तेराचा, एक तेवीसचा. सगळीकडे तीच मोडकी रेघ. पहिल्या पत्रात मी लिहिलं की वय झालं तुमचं. ते वय नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी तुम्ही स्वतःची सही सोडलीत आणि बायकोने केलेली खोटी सही आयुष्यभर वापरलीत.

आता माझं ऐका. हे वाचून मी विरघळले असेन असं तुम्हाला वाटत असेल तर चूक आहे. तुम्ही घरी येऊन एक वाक्य बोलला असतात, एकच, "कचेरीतलं मिटलं," तर आईने गणपतीपुढे पाकिटं ठेवली नसती. मी पाचवी पेनल्टी घेतली असती. कदाचित हुकवलीही असती, पण माझी मी हुकवली असती. मारीकेला अजून लोक त्या खांबाबद्दल विचारतात. मी कॅप्टन झाले असते. आईने स्टेडियममध्ये उभं राहून ओरडून सांगितलं असतं की ही माझी मुलगी, आणि तिला कुणी काही विचारलं असतं तर ती घाबरली नसती.

सही करायला तुमचा हात चालला. मग तोंडाला काय झालं होतं? आणि सगळं निस्तरल्यावर घर सोडून का गेलात? हे आठवत असेल तर लिहा. आठवत नसेल तर तसंही लिहा. पूर्वीकडून लिहून घेऊ नका, तुमच्या हाताने लिहा.

तनया

कॉव्हेंट्री, ६ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. एकच परिच्छेद आहे, आणि तुम्ही तो दोनदा लिहिला आहे, एकाखाली एक, शब्दाला शब्द. दुसऱ्यांदा लिहिताना पहिला वरच आहे हे तुमच्या लक्षात आलं नसावं.

"सांगितलं असतं तर तुझ्या आईला वाटलं असतं की मला पटलं. मला पटलं नव्हतं. मला न विचारता तिने माझं नाव वापरलं. तिला तुरुंगात जाऊ देणं शक्य नव्हतं आणि तिच्यासमोर बसून जेवणंही शक्य नव्हतं. तू खेळावंस असं मला कधी वाटलं नाही. अजून वाटत नाही. पण मी सही केली नसती तर तू मला कधी माफ केलं नसतंस. तसंही केलं नाहीस."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद फाडावासा वाटला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुमच्यासाठीच कुणीतरी म्हटलेलं असणार. खाली तेच पुन्हा वाचलं तेव्हा मात्र मी खुर्ची ओढून बसले. बस स्टॉपचं नाव विसरलात, ब्रेड विसरलात, मी कोणत्या गावात राहते हे पूर्वीला दोनदा विचारलंत. आणि 'मला पटलं नव्हतं' हे दोन्ही वेळा जसंच्या तसं आठवलं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. तुम्ही आईला वाचवलंत आणि मग तिला कळूही न देता तिला शिक्षा केलीत. मला पासपोर्ट मिळवून दिलात आणि माझ्या हातून चेंडू काढून घेतलात. यातलं कुठलं मोठं, ते मला अजून ठरवता येत नाही. आईला हे कधीच कळणार नाही, याचा राग मी मरेपर्यंत बाळगीन. तुम्ही विसराल. हेही तुमचंच बरं.

पण पूर्वीने काल सांगितलं की क्लिनिकची पुढची तारीख मे महिन्यात आहे, आणि फॉर्म त्याआधी गेला पाहिजे. "ताई, तुमचं नको असेल तर नको. पण मग काकांना कुठल्या केअर होममध्ये टाकतील ते कुणीतरी अनोळखी माणूस ठरवेल. त्यांना डाळीत साखर चालत नाही हेही त्याला माहीत नसेल." डाळीत साखर चालत नाही हे मला माहीत आहे. जर्मनीत आई वाटीभर डाळ तुमच्यासाठी आधी बाजूला काढायची, मग आमच्या डाळीत गूळ घालायची.

म्हणून फॉर्म सही करून सोबत पाठवते आहे. साक्षीदार म्हणून आमच्या क्लबची फिजिओ सुलक्षणा बसली होती. इथेच जन्मलेली मुलगी, मराठी शनिवारच्या शाळेत शिकलेली. बघत बसली आणि म्हणाली, "तनयाताई, तू लाइन पहिला काढला? आम्हाला तर लाइन लास्ट शिकवली." मी म्हटलं, आमच्या घरात अशीच पद्धत होती. ती म्हणाली, "सो नाइस. बाबांनी शिकवली?" मी हो म्हटलं. त्यापलीकडे काही सांगितलं नाही.

हे करणं मला पटलेलं नाही. न पटता सही करायची आणि कुणाला बोलायचं नाही, ही तुमची रीत. मी त्यातली अर्धीच घेतली आहे, सही केली आणि बोललेही.

आजवर सगळ्या सह्या मी रोमन लिपीत केल्या. ही देवनागरीत केली आहे. आधी रेघ ओढली, मग अक्षरं. तुमच्या तुटक्या रेघेच्या बरोब्बर खाली आहे. कुठेही तुटलेली नाही. ओळख पटतेय तोवर बघून घ्या, ती रेघ तुमची आहे.

तनया